मूठभर कनकीचं बाळ

डॉक्टरीणबाईंनी काजलच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधला, आकडा पाहिला. मग पट्टा दुसऱ्या दंडाला बांधून आकडा पुन्हा पाहिला. मी मनात म्हटलं, यांचं यंत्र बिघडलेलं दिसतंय. आम्ही आलो होतो डोकेदुखीवर गोळी घ्यायला.

"पैर कब से सूजे हैं?" त्यांनी विचारलं.

"पहली बार में तो सूजतेच है ना बाई," माझी आई मध्येच म्हणाली.

"नहीं माताजी. ऐसे नहीं सूजते."

रायपूरच्या समता कॉलनीतल्या त्या लहानशा दवाखान्यात मी पहिल्यांदा तो शब्द ऐकला. सीवियर प्रीएक्लॅम्प्सिया. म्हणजे गरोदरपणात बाईचं बीपी एकाएकी चढतं, लघवीतून प्रोटीन जायला लागतं, आणि वेळेत आवरलं नाही तर झटके येतात. त्यात आई जाते, बाळ जातं, कधी दोघंही. डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, अंगावर अशी सूज येणं की बोट दाबलं तर खड्डा पडावा, ही सगळी त्याची लक्षणं. काजलला तिन्ही होती. आणि आम्ही घरात तिला लिंबू सरबत पाजत होतो.

"घर मत जाइए," त्या म्हणाल्या. "यहीं से सीधे बड़े अस्पताल."

काजल माझ्या भावाची मुलगी. एकोणिसावं चालू होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असतानाच तिनं रोहितशी लग्न केलं. रोहितचं तेलीबांध्याला मोबाइलचं छोटं दुकान आहे, मुलगा सरळ आहे. पण माझा भाऊ दुर्गला राहतो आणि नाकावर माशी बसू देत नाही. त्यानं मुलीशी बोलणं सोडलं. रोहितच्या घरच्यांनीही दार लावून घेतलं. मग दोघं आली ती ब्राह्मणपाऱ्यात, माझ्या आणि आईच्या घरी. मी एकटी बाई, सरकारी कचेरीत नोकरी. वाटलं, राहू देत. घरात जरा आवाज होईल.

दिवस गेल्याचं काजलनं आम्हाला पाचव्या महिन्यापर्यंत सांगितलं नाही. लाज वाटत होती म्हणे. लग्न पळून केलं आणि लगेच हे, तर लोक काय म्हणतील. त्यामुळे सुरुवातीच्या तपासण्या झाल्याच नाहीत. पुढे रक्त तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन फार कमी निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या खाल्ल्या की मळमळतं म्हणून ती उशीखाली सारत होती. हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात अशी कोवळी पोर असेल तर तिला आधी रागवू नका. आमच्या पोरीनं जे लपवलं, ते आमच्याच तोंडाच्या भीतीनं लपवलं.

मोठ्या इस्पितळात तिला आल्याआल्या मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन दिलं. झटके येऊ नयेत म्हणून देतात ते. सगळं अंग आतून भाजल्यासारखं होतं, असं ती नंतर म्हणाली. बीपी उतरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी सिझेरियन करायचं ठरलं. बाळाची वेळ झाली नव्हती, पण आत ठेवण्यात दोघांचाही धोका होता.

मुलगा झाला. दोन तळहातांत मावेल एवढा. रडला, पण मांजराच्या पिल्लासारखा. नर्सनं मला क्षणभर दाखवला आणि काचेच्या दाराआड घेऊन गेली.

त्या दाराआडच्या खोलीला एसएनसीयू म्हणतात. म्हणजे आजारी आणि अपुऱ्या दिवसांच्या नवजात बाळांचा विभाग. तिथं बाळं उघड्या गरम पाळण्यांत असतात, त्याला वॉर्मर म्हणतात. आमच्या बाळाची फुफ्फुसं तयार झाली नव्हती. ती चिकटून मिटू नयेत म्हणून श्वासनळीतून एक औषध सोडलं, सर्फॅक्टंट. नाकाला सीपॅप लावला, म्हणजे हवेचा हलका दाब देणारी नळी. डोक्यावर लोकरी टोपी, पायाला पट्टी. पट्टीवर लिहिलं होतं, बेबी ऑफ काजल.

तिथल्या कुठल्याच बाळाला नाव नसतं. लाउडस्पीकरवर पुकारा व्हायचा, बेबी ऑफ सरिता, बेबी ऑफ दुलारी, आणि बाहेरच्या हॉलमधून कुणीतरी चपला शोधत धावायचं. त्या हॉलमध्ये आमचा संसार थाटला गेला. चटई, थर्मास, आईची पानाची डबी. आजूबाजूला गावोगावहून आलेल्या पोरी होत्या. पोरीच म्हणते, कारण त्यांतल्या कितीतरी काजलच्या वयाच्या, एखादी तिच्याहूनही लहान. पोटावर टाके, हातात मोबाइल, आणि नजर त्या दाराकडे.

मुलांच्या डॉक्टरांना मी विचारलं, "खरं सांगा, हे वाचेल?"

ते घाई न करता बोलले. "मैं जब नया-नया आया था, इतने वज़न के बच्चे को हम बचाने की बात ही नहीं करते थे. आज बहुत सारे घर जाते हैं. लेकिन माँ की उम्र बीस से कम हो, शरीर में खून न हो, तो बच्चा पहले दिन से ही पीछे रहता है. पहला हफ़्ता, फिर पहला महीना, वही असली है. मैं वादा नहीं करूँगा."

वादा केला असता तर मला ते आवडले नसते. तरी मला राग आलाच.

आई हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलते. दुसऱ्या दिवशी मी औषधाच्या खिडकीपाशी उभी होते आणि ती चटईवरून ओरडली, "ए बिसाहिन! चहा थंडा होऊन राह्यला!"

कचेरीत मी वैशाली आहे. शाळेच्या दाखल्यावरही वैशाली. पण आईनं मला आयुष्यभर बिसाहिनच म्हटलं. छत्तीसगढीत बिसाणं म्हणजे विकत घेणं. लहानपणी आई सांगायची की तुले शेजारणीले विकली होती मूठभर कनकीले. कनकी म्हणजे तांदळाची चुरी. मला वाटायचं, पोरांना चिडवायला म्हणतात ना, तुला कचऱ्यातून उचलली, तसलंच हे. आम्ही भंडाऱ्याकडची माणसं, आणि नाव हे असलं! कॉलेजात मैत्रिणींना घरी आणताना मी आईला आधी बजावून ठेवत असे. ती हव हव म्हणायची आणि दारातच हाक मारायची, बिसाहिन.

ती हाक ऐकून फरशी पुसणारी आया थांबली. सुखवंतिन तिचं नाव. साधारण माझ्याच वयाची, नाकात मोठी फुली. तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि अगदी सहज विचारलं, "बिसाहिन? तोर ले पहिली के लइका मन नइ बांचिन का?"

तुझ्या आधीची लेकरं वाचली नाहीत का? हॉलमधल्या चार बाया वळून बघायला लागल्या. मी म्हटलं, "नहीं नहीं, मैं ही पहली हूँ." आणि आईकडे पाहिलं. आई थर्मासचं झाकण लावत होती. लागलेलंच झाकण ती पुन्हा पुन्हा पिळत होती.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस बरे गेले. बाळाचा सीपॅप निघाला. काजलला चाकाच्या खुर्चीवर आत नेलं आणि कांगारू केअर सुरू झाली. म्हणजे बाळाला फक्त लंगोट आणि टोपी घालून आईच्या उघड्या छातीशी बांधायचं, वरून कापड गुंडाळायचं. आईच्या अंगाची ऊब बाळाला मशीनपेक्षा मानवते. त्याचा श्वास तिच्या श्वासाच्या मागोमाग चालायला शिकतो. काजल सगळ्यात आधी म्हणाली, "आत्या, मुझसे टूट जाएगा." मग एकदा त्याला छातीशी लावल्यावर ती कुणाला जवळ येऊ देईना. दूध काढून वाटीत द्यायचं आणि ते नळीनं त्याच्या पोटात जायचं. पहिल्या दिवशी वाटीचा तळही ओला झाला नव्हता. तिसऱ्या दिवशी तिनं ती वाटी मला अशी दाखवली जशी पोरं परीक्षेचा निकाल दाखवतात.

कांगारू केअर बापानंही करायची असते. नर्सनं रोहितला शर्ट काढायला सांगितला तेव्हा तो लाजून एवढा चूर झाला की बाळापेक्षा यालाच पाळण्यात घालावं असं मला वाटलं. मग बसला. खुर्चीत ताठ, श्वास रोखून. नर्स म्हणाली, "भैया, साँस तो लो, नहीं तो बच्चा क्या सीखेगा?" मी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसले.

त्याच दुपारी मी हॉलमध्ये परतले तर चटईवर आई नाही. शोधत गेले. पाण्याच्या मशीनपलीकडे, काचेच्या दाराशी, आई आणि सुखवंतिन उभ्या होत्या. सुखवंतिननं पदराची गाठ सोडली आणि मूठभर कनकी आईच्या ओंजळीत घातली. मग काचेतून आत बोट दाखवून म्हणाली, "एला मैं बिसा लेंव दाई. अब मोर होगे. तैं पाल दे." याला मी विकत घेतलं, आता हा माझा झाला, तू फक्त सांभाळ. आईनं कनकी रुमालात बांधली आणि कमरेला खोचली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुखवंतिन गेल्यावर मी आईला धरलं. "आई, हे काय करून राहिली तू? आत डॉक्टर एवढी खटपट करून राह्यले आणि तू इथं लेकराचा बाजार मांडला?"

"वरच्याच्या नजरेले आपलं लेकरू दिसू नाही द्यायचं," ती म्हणाली. "दुसऱ्याचं हाय म्हटलं का तो हात नाही लावत."

"कोणी शिकवलं हे तुले?"

"तूच तर बसली हायेस ना माह्यासमोर," आई म्हणाली. "तू जित्ती काहून हायेस?"

मग तिनं सांगितलं. उभ्याउभ्या, पाण्याच्या मशीनपाशी. लग्न होऊन रायपूरला रेल्वेच्या क्वार्टरात आली तेव्हा पंधरा संपत होतं. पहिला मुलगा झाला, तो बारसं व्हायच्या आत गेला. दुसरी मुलगी रडलीच नाही. दोन्ही वेळा सासूनं सांगितलं, वय लहान हाय, होईन दुसरं, अन् कोणापाशी बोलू नको. नाव ठेवलं नव्हतं म्हणून सुतक नाही, दिवस नाहीत. विचारलं कोणी किती लेकरं, तर दोनच सांगायची, मी आणि माझा भाऊ. तिसऱ्या वेळी मी झाले तेव्हा शेजारच्या छत्तीसगढी बाईनं स्वतः होऊन मला विकत घेतलं आणि हे नाव ठेवलं. आईला तेव्हा एकोणिसावं चालू होतं. काजलएवढी.

पन्नाशी ओलांडली आणि मला आपल्याला एक भाऊ आणि एक बहीण होती हे कळलं. राग कुठं गेला ते समजलं नाही. मी आईला म्हटलं, "काजलले सांगू नको." ती म्हणाली, "नाही सांगत."

नवव्या दिवशी सकाळी बाळ दूध पचवेना. पोट फुगलं. रंग राखेसारखा झाला. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, सेप्सिस. म्हणजे जंतू रक्तात पसरतात. पूर्ण दिवसांच्या बाळाला आईकडून लढायची जी ताकद मिळते, ती मिळायच्या आतच ही बाळं बाहेर येतात. अँटिबायोटिक बदललं. पुन्हा श्वासाचं मशीन लागलं. काजल वाटीत दूध काढत राहिली. नर्सनं वाटी घेतली, फ्रिजमध्ये ठेवते म्हणाली. ते त्याला आता देता येणार नाही हे सांगायचा तिला धीर झाला नाही.

दुपारी पुकारा झाला, बेबी ऑफ काजल. त्या पुकाऱ्यात काही वेगळं नव्हतं. पण डॉक्टर दारात उभे होते आणि त्यांनी काजलला आधी बसायला सांगितलं. मग त्यांनी बाळ तिच्या मांडीवर दिलं, सगळ्या नळ्या काढून. "जितनी देर चाहिए, रखिए," म्हणाले. त्यांची ही एक गोष्ट मी विसरणार नाही. आईच्या वेळी तेवढंही कुणी केलं नव्हतं.

काजल रडली नाही. तिनं टोपी नीट केली, जशी रोज करायची.

माझा भाऊ दुर्गहून आला. इतक्या महिन्यांनी तो मुलीसमोर उभा राहिला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तू अजून लहान हायेस बेटा. होईन दुसरं." मायेनं म्हणाला, त्याला दुसरं काय येतं. मग रोहितला बाजूला घेऊन सांगितलं की एवढ्या लहान्याचं काही करायचं नसतं, नाव नाही, सुतक नाही, माती देऊन यायचं आणि विषय संपवायचा. दोघे जाऊन माती देऊन आले. घरी कुणी भेटायला आलं नाही, कारण भेटायला जावं असं काही घडलं आहे हे कुणी मानलंच नाही. शेजारीण दारातून विचारून गेली, "बेटी ठीक है न?" बस.

पण अंगाला हे कोण सांगणार? काजलचं दूध थांबेना. छाती दगडासारखी झाली, ताप भरला. फोनवर डॉक्टरीणबाईंनी थंड पट्ट्या ठेवायला सांगितल्या, अगदी सहन होईना तर थोडंसंच काढायचं, आणि एक गोळी सांगितली. हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी इथं सांगते. बाळ गेल्यावरही दूध येतं. त्याची तयारी ठेवा, आणि ती पोर न्हाणीघरात एकटी असताना दारापाशी बसा.

तिला घरात फार बोलायचं नव्हतं. मोबाइलमध्ये बाळाचा फोटो होता, तो ती उलटा ठेवून झोपायची. एकदा म्हणाली, "आत्या, सब बोल रहे हैं भूल जा. किसको भूलूँ? उसका तो नाम भी नहीं है."

आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, तिचे खांदे हलले.

त्यानंतर एका दुपारी दारात सुखवंतिन उभी. इस्पितळाच्या निळ्या साडीत नाही, घरच्या साडीत. कुणाला तरी पत्ता विचारत ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत आली होती. आईनं तिला पाहिलं आणि कमरेचा रुमाल काढून पुढं केला. "ले बाई, तेरी कनकी. हम नहीं सँभाल सके तेरा लेकरू."

काजल पलंगावर उठून बसली. "कौन सा लेकरू? किसका?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. काजलचा चेहरा लाल झाला. "मेरा बच्चा बेच दिया? मुझसे पूछा भी नहीं?" तिचा आवाज चढला. "चावल के बदले?"

सुखवंतिन उंबऱ्याच्या आत आली, जमिनीवर बसली आणि रुमाल परत न घेता म्हणाली, "मोर घलो तो लइका रिहिस, नोनी. दुख मनाय बर आए हंव." माझंही तर लेकरू होतं ना, पोरी. दुखवट्याला आले आहे.

त्याच्यासाठी दुखवट्याला आलेलं ते पहिलंच माणूस.

काजल पलंगावरून उतरून तिच्यासमोर बसली. मग तिनं विचारलं, "नाम क्या रखा था?"

"बिसाहू."

"बिसाहू," काजल म्हणाली. आणि मग ती रडली. इस्पितळात रडली नव्हती, माती दिल्यावर रडली नव्हती, ते सगळं त्या दुपारी बाहेर आलं. आईही रडली. ती दोघांसाठी रडत होती की तिघांसाठी हे मी विचारलं नाही.

आमच्यात कुणी गेलं की त्या घरात चूल पेटत नाही, जवळचं माणूस जेवण आणतं. त्याला कडू घास म्हणतात. बिसाहूसाठी कुणी आणला नव्हता. सुखवंतिननं त्या रुमालातली कनकी घेतली, आमच्या स्वयंपाकघरात गेली आणि मीठ घालून तिची पेज केली. पहिला घोट काजलला स्वतः पाजला. मूठभर चुरीची ती पेज आम्हा चौघींत कशी पुरली कोण जाणे. संध्याकाळी रोहित दुकानातून आला तेव्हा तळाशी राहिलेली त्यानं भांडं वाकडं करून प्यायली.

मी अजूनही म्हणेन की लेकरू विकल्यानं वाचत नसतं. वाचतं ते वेळेवर मोजलेल्या बीपीनं, रक्तातल्या लोहानं, आणि पोरगी पुरती मोठी झाल्यावर आई झाल्यानं. आमचं नाही वाचलं. पण आत काचेमागे ज्यांनी त्याच्यासाठी धावाधाव केली त्या सगळ्यांचे, आणि सुखवंतिनचे, उपकार मी वेगवेगळे करू शकत नाही.

सहा आठवड्यांनी काजलला दाखवायला समता कॉलनीतल्या त्याच दवाखान्यात गेलो. बीपी उतरलं होतं. काजलनं कॉलेज पुन्हा सुरू करायचं ठरवलंय, आणि पुढची काही वर्षं मूल नाही, हे तिनं डॉक्टरीणबाईंना स्वतःच सांगितलं. पण त्याआधी बाहेर नोंदी करायला बसलेल्या नव्या मुलीनं माहिती विचारली होती.

"बच्चे कितने हैं?"

मी तोंड उघडणार तोच काजल म्हणाली, "एक बेटा था. बिसाहू. नौ दिन का होकर गया."

त्या मुलीची मान वर झाली. तिनं मग आईकडे पाहिलं आणि नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, "और दादी, आपके कितने?"

"चार," आई म्हणाली. "दोन हाय."

"और आप साथ में हैं? आपका नाम?"

"बिसाहिन," मी सांगितलं. "मी तिची आत्या."